कपाटातला कॉन्चेर्टो

मी सापडले नाही, तर मामांचा फायदाच फायदा होता.

मी सापडले नाही म्हणजे स्पेनमधला तो इथल्यांना नवा असलेला कॉन्चेर्टो वाजणार नाही. तो वाजला नाही म्हणजे भाची पुढे उभी राहणार नाही. भाची नाही, तर ऐन वेळी पोस्टर बदलून जुना, सगळ्यांच्या कानांवरून गेलेला कॉन्चेर्टो घ्यावा लागणार. आणि तो तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या वाद्यवृंदात एकच, मामा. निवृत्तीआधीचा शेवटचा हंगाम, अंगावर काळा कोट, समोर भरलेलं सभागृह. एवढं सगळं पदरात पाडून घ्यायला मामांनी काय करायचं होतं? काही नाही. फक्त कपाट उघडायचं नव्हतं.

त्या कपाटात मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी स्वरलिपी आहे. राखाडी कव्हर, दोन पिना, आणि मधलं एक पान बाहेर उलगडणारं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तो पान उलटणार कधी, म्हणून ही सोय. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे उभा राहतो आणि बाकीचा वृंद मागे बसून त्याला साथ देतो, मधूनमधून त्याच्याशी भांडतो. मागच्या प्रत्येकाचं वेगळं पुस्तक असतं. मी पुढे उभा राहणाऱ्याची. त्यामुळे मला लहानपणापासून जरा शिष्ट म्हणतात. म्हणोत.

माझा रचनाकार हयात आहे. स्पेनमध्ये राहतो. पत्रांना उत्तर देत नाही. त्याने मला एका टेबलावर पेन्सिलीने लिहिलं, मग दुसऱ्या कुणी संगणकावर उतरवलं, तिसऱ्याने छापलं. तीन हातांतून गेलेल्या कामात एक चूक राहतेच. माझ्यात ती शेवटच्या भागात राहिली.

तिथे क्लॅरिनेटने एका फुंकीत दोन सूर काढायचे असतात, एक खालचा आणि एक वरचा, दोन माणसं एकाच दारातून बाहेर पडल्यासारखे. एरवी हे वाद्य एका वेळी एकच सूर देतं. दोन काढायचे तर बोटं आडवळणाने ठेवावी लागतात. ती कशी ठेवायची ते सांगायला सुरांच्या डोक्यावर एक छोटं चित्र असतं: उभी रेघ आणि तिच्यावर गोल. काळा गोल म्हणजे भोक दाबा, पांढरा गोल म्हणजे उघडं सोडा. डाव्या हाताच्या अनामिकेचा गोल काळा हवा होता. छापणाऱ्याने पांढरा ठेवला.

रचनाकाराच्या हे लक्षात आलं तेव्हा बऱ्याच प्रती जगभर गेल्या होत्या. राहिलेल्यांत, म्हणजे माझ्यातही, त्याने एका दुपारी बसून तो गोल स्वतः भरला. शाईचं पेन शोधायला उठायचा कंटाळा केला, कानावर पेन्सिल होती तीच घेतली. त्या आळसाची किंमत पुढे कुणाकुणाला पडली, ते सांगते.

मी मामांकडे आले तेव्हा मामांचे केस काळे होते आणि त्यांना मामा म्हणणारं कुणी नव्हतं. वृंदाचे तेव्हाचे संचालक म्हणाले होते, "पुढच्या हंगामात तुम्हाला पुढे उभं करतो. काहीतरी ताजं घ्या." मामांनी प्रकाशकाला पत्र घातलं, मला मागवून घेतलं. पाकीट त्यांनी चाकूने हळूच उघडलं होतं. मला तो चाकू आठवतो, दांड्याला कणीक लागलेली होती.

मग आमचे दिवस सुरू झाले. घरात नीट बंद होणारं दार एकच, स्वयंपाकघराचं. मामा ओट्याला पाठ लावून उभे राहत आणि मला डब्यांना टेकवून ठेवत. दुहेरी सूर सुरुवातीला बदकासारखा निघायचा. बाहेरून मामी ओरडायच्या, "अहो, तुमचं बदक आणि माझा कुकर, दोघांनी एकदम शिट्टी मारायची नाही! मला कळत नाही गॅस कुणाचा बंद करायचा!"

मामा हसत आणि माझ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत. इथे श्वास घ्या. इथे घाई नको. इथे खांदे खाली. एका जागी तर 'दूध बघ' असं लिहिलं होतं, कारण नेमकं त्या लांब सुराला दूध उतू जायचं. हळूहळू माझ्या छापील ओळींपेक्षा मामांच्या खुणा जास्त झाल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच. शेवटी ते बदक गेलं आणि दोन सूर आले. मामी दार उघडून आत आल्या, हात पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं. आता माणसांत आलं."

त्यानंतर संचालक दुसऱ्या शहरात नोकरी धरून गेले. नवे आले. नव्यांनी जुन्यांची यादी गुंडाळून ठेवली, जशी प्रत्येक नवा ठेवतो. मामांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी कपाटात गेले. वर स्वेटर, खाली विम्याची कागदपत्रं. वाईट वाटलं का, असं विचाराल. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, आहे पण आपला नाही, तसं काहीसं. मामांचंही तसंच असावं. ते रोज त्याच कपाटातून सदरा काढत आणि माझ्याकडे बघत नसत.

मधल्या काळात भाची मोठी झाली. बहिणीची मुलगी, क्लॅरिनेट मामांनीच हातात दिलेलं. वृंदात दुसऱ्या खुर्चीवर आली आणि पहिल्या, म्हणजे मुख्य वादकाच्या खुर्चीवरच्या मामांकडे वळून "मामा, पेन्सिल दे ना" असं इतक्यांदा म्हणाली, की पाहता पाहता तबलजीपासून, चुकले, ढोलवाल्यापासून व्यवस्थापकापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायला लागले.

त्यांच्याही नंतर आलेल्या संचालकांना सगळे पाठीमागे छडीवाले म्हणत. त्यांना नवं काहीतरी हवं होतं, आणि नव्या चेहऱ्याने वाजवलेलं हवं होतं. त्यांनी नेमका माझाच कॉन्चेर्टो निवडला आणि भाचीला उभं करायचं ठरवलं. मामांना बोलावून म्हणाले, "तुम्ही मागे पहिल्या खुर्चीवर आहातच. तिला आधार."

"आहे ना," मामा म्हणाले. आधार या शब्दावर त्यांनी मान हलवली ती अशी, की कुणाला वाटावं त्यांना चहा विचारला आहे.

आता गंमत ऐका. अशा नव्या रचनांची मागच्या वृंदाची पुस्तकं विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात. वाजवायची आणि परत करायची. परत करताना आपल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून कागद स्वच्छ द्यायचा, ही या धंद्यातली शिस्त. हे काम वृंदात एक काकू बघत. सगळे त्यांना कागदकाकू म्हणत. त्यांनी प्रकाशकाकडे 'संपूर्ण संच' मागवला. खोकं आलं, काकूंनी कात्रीने पट्टी कापली, आणि व्हायोलिनपासून त्रिकोणी घंटेपर्यंत सगळ्यांची पुस्तकं निघाली. पुढे उभं राहणाऱ्याचं, म्हणजे सोलोचंच नव्हतं. भाड्याच्या संचात सोलो धरत नाहीत, तो वेगळा विकत घ्यायचा असतो. वऱ्हाड सगळं उतरलं आणि नवरदेव गाडीतच नाही, अशी गत.

काकूंनी वेगळा मागवायला पत्र पाठवलं. प्रती संपल्या होत्या, आणि प्रकाशकाचं कार्यालय उन्हाळ्याच्या सुट्टीवर होतं. तसं सांगणारं आपोआप येणारं उत्तर काकूंना रोज सकाळी यायचं आणि रोज सकाळी छडीवाले विचारायचे, "आलं का?"

"नाही आलं."

"संपूर्ण म्हणजे काय, हे मागवायच्या आधी विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

हे सगळ्यांसमोर. मामा पहिल्या खुर्चीवर बसून रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची पातळ पट्टी, ओठांत भिजवत असत. रीड तोंडात असताना बोलता येत नाही, हे क्लॅरिनेटवाल्याचं मोठंच सुख आहे.

शेवटी छडीवाल्यांनी काकूंकडून कागदांच्या खोलीची किल्ली घेतली आणि त्यांना तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. काकू गेल्या. जाताना आपली रबरं, पेन्सिली आणि चष्म्याचं घर एका पिशवीत घालून गेल्या. कुणी काही बोललं नाही. मामाही नाही.

घरी मामी बोलल्या. "ते कपाटात आहे ना?"

"काय?"

"बदक."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे नाही. इतक्या वर्षांत तेवढं कळतं मला."

मग एका संध्याकाळी भाची आली. त्याच स्वयंपाकघरात बसली, मामींनी दिलेला चहा फुंकत म्हणाली, "मामा, नाही मिळालं ना, तर बरंच होईल बघ. जुना कॉन्चेर्टो तू वाजव. मला आपलं मागेच बरं वाटतं."

लपवणाऱ्याला याहून सोपी वाट कुणी करून दिली असती? पोरगी स्वतःच्या तोंडाने नको म्हणत होती. मामांनी चहा संपवला. कप विसळला. ती गेल्यावर ते आतल्या खोलीत गेले, स्वेटर बाजूला केले आणि मला बाहेर काढलं. का, ते मला विचारू नका. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वीजबिल शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तरी काहीतरी असतं.

त्यांनी टेबलावर रबर घेतलं. दुसऱ्याच्या हातात द्यायचा कागद कोरा द्यायचा, ही सवय हाडात मुरलेली. श्वास गेले. घाई नको गेलं. खांदे गेले. 'दूध बघ'वर रबर जरा थांबलं, मग तेही गेलं. रबराचा चुरा ते हाताने झटकत होते, आणि शेवटच्या भागात आले तेव्हा हात सवयीने फिरत होता. डाव्या अनामिकेचा तो गोल पेन्सिलीचा होता. पेन्सिलीचं ते आपलं, एवढाच हिशोब. रबर फिरलं. गोल पांढरा झाला.

मला ओरडता येत नाही. आलं असतं तरी, खरं सांगते, त्या वेळी ओरडले नसते. इतकं खोडल्यावर अंगात काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला तालमीत नेलं. "जुन्या ओळखीतून मिळवलं," ते म्हणाले. काय तो जयजयकार! छडीवाल्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला. ढोलवाला म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणजे तुम्हीच!" भाचीने सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला. मामांनी तो घेतला. लपवल्याचं कुणाला कळलं नाही, दिल्याचं मात्र सगळ्यांना कळलं. एकाच मालावर दोनदा नफा म्हणतात तो हा.

भाचीने सगळं बसवलं. भराभर बसवलं. फक्त शेवटचा दुहेरी सूर येईना. चित्रात दाखवल्याप्रमाणे ती बोटं ठेवायची, फुंकायची, आणि बदक. रीड बदललं, बदक. दुसरं क्लॅरिनेट आणलं, दुसरं बदक. मागे व्हायोलिनवाल्या बायका एकमेकींकडे न बघता हसायच्या.

आणि पहिल्या खुर्चीवर मामांची बोटं बंद वाद्यावर आपोआप तो सूर धरायची. अनामिका खाली जायची. एकदा गेली, मामांनी खाली पाहिलं. पुन्हा गेली. मग त्यांनी भाचीच्या हाताकडे पाहिलं, तिची अनामिका हवेत. त्यांना कळलं. त्या क्षणी कळलं, हे मी शपथेवर सांगते, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

तालमीनंतर भाची त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. "मामा, माझ्या बोटांतच काहीतरी दोष आहे. तू ऐकलंस ना? काय चुकतंय माझं?"

मामा म्हणाले, "रीड बदलून बघ."

"चार बदलले."

"पाचवं बघ."

मित्रांनो, कपाटात ठेवणं हा आळस म्हणता येईल. खोडणं ही सवय म्हणता येईल. हे तिसरं होतं त्याला मला शब्द सापडत नाही, आणि मी शोधतही नाही.

छडीवाल्यांनी जाहीर करून टाकलं, "उद्या आलं तर आलं. नाहीतर जुना कॉन्चेर्टो. मामांना पाठ आहे. काय मामा?"

"पाठ आहे," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाची सुजलेल्या ओठांनी उभी राहिली. शेवटचा भाग आला. बदक. छडीवाल्यांनी छडी खाली ठेवली. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. "ठीक आहे," म्हणाले, आणि जुन्या कॉन्चेर्टोची पुस्तकं वाटायला सांगितली. भाची माझ्यासमोरून बाजूला झाली आणि क्लॅरिनेटची लाळ फडक्याने पुसायला लागली. तिला रडायला आलं नाही. तिने नुसतं पुसलं, पुन्हा पुसलं.

मामा उठले. वाद्य हातात घेऊन पुढे आले. खुर्च्या सरकल्या, वाट झाली. सगळ्यांना वाटलं आले आपल्या जागेवर. मलाही तेच वाटलं. मामा माझ्यासमोर थांबले, खिशातून पेन्सिल काढली, माझं शेवटचं पान उघडलं आणि तो गोल काळा केला. भोक पडेल इतका दाबून.

"आता वाजव."

"मामा, राहू दे."

"अनामिका दाब आणि वाजव."

तिने फुंकलं. दोन सूर आले, खालचा आणि वरचा. स्वच्छ. मागे कुणाचा तरी स्टँड धडकला, एवढाच आवाज.

मनाचं मला माहीत नाही, मी बोटांचं सांगते. ज्या बोटांनी तो सूर शोधला होता, त्यांना तो रोज चुकलेला ऐकवेना. माझा अंदाज हा. याहून मोठं काही असेल तर ते मामांनी माझ्यावर लिहिलं नाही.

छडीवाल्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हे?"

"मी हे वाजवलंय."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात."

कुणीतरी हसलं. मामांना तिथे थांबता आलं असतं, हशावर पडदा पडला असता. पण भाची हसली नव्हती. ती माझ्या पानावर बोट फिरवत होती. रबराने पातळ झालेला कागद बोटाला कळतो.

"म्हणजे हे तुझ्याकडेच होतं," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."

"हो."

"आणि काल जिन्यात?"

"कळलं होतं."

"बरं," भाची म्हणाली.

कार्यक्रम झाला. सभागृह भरलं होतं. दोन सूर आले, टाळ्या आल्या, भाचीला फुलं आली. छडीवाल्यांनी तिला पुढच्या हंगामाची पहिली खुर्ची तिथेच, पडद्यामागे देऊन टाकली. मामांनी मागे बसून आपल्या वाट्याचे सूर अचूक वाजवले आणि मधल्या विश्रांतीच्या मात्रा अचूक मोजल्या. कोट तोच काळा होता, पहिल्या खुर्चीवर बसून घातलेला.

दुसऱ्या दिवशी मामा मला पिशवीत घालून तिकिटांच्या खिडकीपाशी गेले. काचेला खाली अर्धगोल फट होती. आत कागदकाकू बसल्या होत्या.

"किती तिकिटं?"

"तिकीट नको. हे आणलंय. वृंदाकडे राहू दे. आणि तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"कागदांची किल्ली आता माझ्याकडे नसते. ऑफिसात द्या."

"काकू, तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्हाला सगळ्यांसमोर ते..."

"मागे रांग आहे, मामा."

खरंच होती. मामा बाजूला झाले. मागच्या माणसाने तीन तिकिटं मागितली आणि काकूंनी ती दिली.

तेव्हापासून मी ऑफिसातल्या लोखंडी रॅकवर आहे. ओलीपासून दूर, हे बरं. कुणी मागितलं तर मिळते, हे त्याहून बरं. माझी विनंती थोडकीच आहे, मित्रांनो. कागद जपून ठेवणं आणि दडवून ठेवणं, कपाट दोन्हीला एकच लागतं. म्हणून अधूनमधून ते उघडून स्वतःलाच विचारा, आपण यातलं काय करतो आहोत. आणि रबर फिरवण्याआधी काय खोडतो ते वाचा. सगळंच आपण लिहिलेलं नसतं.

आता हिशोब. कॉन्चेर्टो भाचीला मिळाला, खुर्चीही मिळाली, तिने त्यासाठी मामाच्या स्वयंपाकघरातला चहा सोडला. ती आता येत नाही, मामी दोनच कप काढतात. छडीवाल्यांना टाळ्या मिळाल्या, फुकट. रचनाकाराला काही कळलंच नाही. मामांनी सोलो दिला, नाव दिलं, भाची दिली. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने घेतलेल्या गोष्टींपोटी दिलं, तेव्हा तक्रारीला जागा नाही आणि ते करतही नाहीत. उरल्या काकू. त्यांनी काही घेतलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं, काही खोडलं नव्हतं. प्रकाशकाची सुट्टी संपली, संचालकांचा राग संपला, पण किल्ली परत आली नाही, कारण ती परत द्यायची कुणाला आठवण झाली नाही. सगळ्यांत जास्त त्यांनी भरलं, आणि अजून त्या खिडकीत बसून भरताहेत.